विलायतेतली भगवंताची खोली

१

खुशालराव पालथे पडले होते. तोंड संत्र्याच्या आळ्यात, पाय गुडघ्यात मुडपून एका अंगाला सारलेले. फावड्याचा घाव मागून मानेवर बसला होता. पहिल्याच घावात माणूस गेला असता, पण मारणाऱ्यानं आणखी तीन घातले होते. डोकं पुढच्या कातड्यानं तेवढं धडाला धरून होतं. आळ्यातलं पाणी जिरलं होतं आणि तळाशी लाल गाळाची साय आली होती. मे महिन्याचं ऊन, त्यामुळे माशांना आमंत्रण लागलं नव्हतं.

ठाणेदार वामनराव उकिडवे बसले. नोकरीच्या अठरा वर्षांत त्यांनी कुऱ्हाडीचे, विळ्याचे, दगडांचे खून पाहिले होते. गेल्या पौषात त्यांची बायको कौशल्या वारली, तेव्हापासून सकाळी लवकर घर सोडायला त्यांना खुनाचंही निमित्त चाले.

बगीचा उत्तमराव माळ्यांचा, अमरावतीहून वलगावला जाताना लागणारा. मेलेले खुशालराव अकोल्याचे, विलायतेत शेतकी शिकून आलेले, वय तीस. आदल्या दिवशी ते अमरावतीला उतरले होते आणि आज, मंगळवारी सकाळी टांग्यानं बगीच्यात आले होते.

"कोणी पाह्यलं पहिल्यांदा?"

"म्या," नत्थुजी म्हणाला. साठीचा, काटकुळा, उघडा. तो विहिरीवर मोट हाकायचा. त्यानं काढलेलं पाणी दांडानं झाडांत येई आणि तिथे दुसऱ्यानं फावडं घेऊन उभं राहायचं. एक आळं भरलं की त्याचं तोंड मातीनं बांधायचं आणि पुढच्या झाडाचं फोडायचं.

"पाण्यावर कोण होतं?"

"जानराव. मालक भाजीची गाडी घेऊन उजाडताच बजारात गेले. जाताना पोट्ट्याच्या हाती फावडं देऊन गेले."

जानराव म्हणजे उत्तमरावांच्या बगीच्यातल्या घरात खोली घेऊन राहणारा कॉलेजचा विद्यार्थी. परीक्षा झाली होती आणि सप्टेंबरात तोही विलायतेला निघणार होता.

"मंग हे खुशालराव आले. दोघायचं भांडण जुंपलं. मले झाडातून दिसत नाई, पण आवाज येत होता."

"कशावरून भांडत होते?"

"खोलीवरून! हा म्हने, मी त्याच घरी राहीन. तो म्हने, त्या घरी पाय ठेवू देणार नाई. आता बाप्पा, इथं बसून विलायतेतल्या खोलीसाठी भांडाव काय? मंग आवाज बंद झाला. मले वाटलं, निवले. मी आपला मोट हाकून राहिलो. लय वेळानं पाणी दांड फोडून माह्याकडंच परत आलं, तवा म्हतलं, पोट्टा झोपला का काय? येऊन पाहतो त हे असं."

"या खुशालरावानं गेल्या महिन्यात तुमच्या थोबाडीत दिली होती म्हणे?"

नत्थुजीनं गालावरून हात फिरवला. "देल्ली. बुटावर चिखल उडाला म्हून. त्याच्यासाठी मान कापाव काय? मंग त वलगावात मानच उरनार नाई कोनाची."

वामनराव ओळीनं चालत गेले. प्रेतापलीकडची झाडंही भरलेली होती. त्यांनी ती पाहिली आणि माघारी फिरले. त्यांच्या बापाची शेती कोरडवाहू कपाशीची. पाण्याचं त्यांना काही कळत नव्हतं.

फावडं पाटाकडेला सापडलं, धुतलेलं. तेवढ्यात हवालदार किसनराव सायकलवरून धापा टाकत आला.

"साहेब, सापडला! बडनेऱ्याच्या फलाटावर. अकोल्याची गाडी पकडून पळून राहिला होता."

२

ठाण्यात आणेपर्यंत किसनरावानं त्याला मारायचं सोडलं नव्हतं. जानरावाचा खालचा ओठ फाटला होता, एक डोळा मिटला होता. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं वाळून कडक झालेलं.

"चिखल कबूल करतो, साहेब," तो म्हणाला. "रक्त आहे ते माझं आहे. हवालदारांना विचारा."

किसनरावानं त्याच्या पोटात काठीचं टोक खुपसलं. पोरगा दुमडून खाली बसला.

"बस," वामनराव म्हणाले. "बाहेर जा तुम्ही."

दार लागल्यावर त्यांनी मडक्यातलं पाणी पुढे केलं. "सांग. मारलं?"

"नाही. भांडलो. फावडं तिथेच फेकलं आणि निघून आलो. गावात आलो, बडनेऱ्याची मोटर धरली. आईकडे जात होतो."

"भांडण खोलीचं?"

"हो."

"नीट समजावून सांग. मी काही विलायतेला गेलेलो नाही."

जानराव भिंतीला टेकला. तिथे कॉलेजच्या गावी दोन सोयी होत्या. एक हिंदी विद्यार्थ्यांचं वसतिगृह. तिथे वरण-भात मिळतो, पण कॉलेज तासाभरावर, रात्री दहाला दाराला कुलूप. दुसरी टॅनर स्ट्रीटवरची मिसेस हॅलम नावाच्या बाईच्या घरातली खोली. कॉलेज पाच मिनिटांवर, शेगडी आपली आपण पेटवायची. तीन वर्षांपूर्वी त्याच घरात उत्तमरावांचा मुलगा भगवंत राहत होता. शेजारच्या खोलीत खुशालराव.

"भगवंत तिथेच वारला ना?"

"हो."

"मग तुला तेच घर का पाहिजे?"

"भगवंत माझा दोस्त होता. त्याच्या पत्रांत त्या घराबद्दल वाईट शब्द नव्हता. आणि खुशालराव नको का म्हणतात, ते मला विचारायचं होतं."

"विचारलं?"

"विचारलं."

"काय म्हणाले?"

जानरावानं उघडा डोळाही मिटून घेतला. "ते सांगणार नाही."

"पोरा, तुझ्या हातात फावडं होतं. तू भांडलास. तू पळालास. उद्या मॅजिस्ट्रेटपुढे उभा केला की पुढचा रस्ता नागपूरच्या जेलचा आहे, आणि तिथे खोली निवडायला मिळत नाही. काय बोलणं झालं?"

"फाशी दिली तरी सांगणार नाही, साहेब."

भीतीनं गप्प बसलेला माणूस वामनरावांना चांगला ओळखू येई. हा भ्यालेला होता, पण गप्प बसला होता तो भीतीमुळे नाही.

३

संध्याकाळी उत्तमराव स्वतःच ठाण्यात आले. पंचावन्नचे असतील, पण दोन वर्षांत पाठ वाकली होती. हातात जानरावासाठी डबा.

"पोरानं खाल्लं का, साहेब?"

"ज्यानं तुमच्या बगीच्यात माणूस कापला, त्याला डबा?"

"त्यानं नाई कापला."

"मग कोणी?"

उत्तमरावांनी डबा खाली ठेवला. "मी बजारात होतो. आलो त गर्दी जमली होती."

वामनरावांनी त्यांना बसवलं. भगवंताचं विचारलं.

"तीन वर्सं झाले," उत्तमराव म्हणाले. "आमच्या माळ्यात पहिला पोरगा विलायतेले गेलेला. एका सकायी तार आली. खोलीत गॅस भरून मेला. खुशालराव परत आले तवा लोकायनं त्यायले विचारलं, कसा मेला? ते म्हने, खेड्यातलं पोरगं, गॅसची शेगडी कंदिलासारखी फुंकून विझवली अन् झोपला. गॅस येत राह्यला."

"हं."

"हं काय, साहेब! बजारात लोक हासले. कॉलेजात शिकलेला माहा पोरगा, त्याले फुंकर मारनं अन् चावी फिरवनं यातला फरक समजत नव्हता? माह्या तोंडावर म्हनत, माळ्याच्या पोरानं माळ्यासारखंच करावं. माणिकबाईनं ते ऐकलं अन् जेवणच सोडलं. माही मालकीण, भगवंताची माय. वर्साच्या आत गेली. मरताना म्हने, आपल्या भगवंतानं फुंकलं नसन हो."

कौशल्या शेवटच्या दिवशी दाराची कडी लावली का, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती.

"जानराव त्याच घरी राहतो म्हणतो. तुम्ही काय सांगितलं त्याला?"

"मी म्हतलं, राय. माह्या पोराचं कोनी त तिथी जाईन, त्या बाईले विचारीन." ते उठले. उंबऱ्यावर थांबले. "साहेब, पोट्ट्याले मारू नोका. त्याचं काई कसूर नाई."

दुसऱ्या सकाळी किसनराव तार घेऊन आला. अकोल्यात खुशालरावांचे मेव्हणे लाठ्या घेऊन जानरावाच्या आईच्या घरावर चालून गेले होते.

४

वामनराव अकोल्याला पोहोचले तेव्हा जानरावाची आई दुर्गाबाई हिच्या घराचं दार बिजागरीतून उखडून रस्त्यात पडलेलं होतं. गोठ्यातल्या गोऱ्ह्याचे पुढचे दोन्ही पाय लाठीनं मोडले होते. जनावर बसून हंबरत होतं. दुर्गाबाई ओसरीवर बसली होती. डावं मनगट सुजून काळं पडलेलं.

"आता काय मोडाले आले?" ती म्हणाली. "चूल राहिली हाय."

"मी ठाणेदार आहे, बाई. अमरावतीहून आलो."

"मंग त पोट्टाच मोडला असन तुमी."

अंगणात पांढऱ्या लुगड्यातली एक तरणी बाई उभी होती. वामनरावांनी आधी तिला शेजारीण समजलं. ती खुशालरावांची बायको जमुना होती.

"माह्या भावायनं केलं हे," ती म्हणाली. "मी हात जोडाले आली. ह्या बोलून नाई राहिल्या माह्याशी."

"काय बोलू?" दुर्गाबाई म्हणाली. "तुहा नवरा गेला, माहा पोरगा जाऊन राहिला. बस तिथी. पाणी पी."

जमुना बसली. वामनरावांनी तिला विचारलं, खुशालराव कधी विलायतेतल्या घराबद्दल बोलत का?

"बोलत नसत. झोपेत बोलत." तिनं पदर ओढून घेतला. "हिवाळ्यात शेगडी पेटवू देत नसत घरात. एकदा मी निखाऱ्यावर फुंकर घातली, त मले ढकलून देल्लं भिंतीवर. कपाय फुटलं. मंग सोताच रडत बसले. काहून ते नाई सांगितलं."

दुर्गाबाई उठली. आतून एका हातानं पेटीतलं पाकीट घेऊन आली. त्यावर विलायतेचं पोस्टाचं तिकीट.

"जानू गेल्या आठवड्यात ठेवून गेला. म्हने, उत्तमदादाच्या घरी नोको राहाले हे, कोनी वाचून दाखवन त्यायले. मले इंग्रजी येत नाई. तुमाले येते?"

वामनरावांचं इंग्रजी कचेरीपुरतं होतं, पण बाईचं अक्षर मोठं आणि साधं होतं. त्यांनी उभ्यानंच वाचलं. मिसेस हॅलमनं लिहिलं होतं की मागची खोली रिकामी आहे, आता घरात वीज घेतली आहे, गॅस काढून टाकला. आणि तुम्ही भगवंताचे मित्र म्हणता, म्हणून तीन वर्षं मनात ठेवलेलं सांगते.

दोन्ही खोल्यांचा गॅस बोळातल्या एका डब्यातून येत असे. डब्यात नाणं टाकायचं, तेवढा गॅस मिळायचा. नाणं संपलं की गॅस बंद. त्या रात्री भगवंत शेगडी पेटती ठेवून झोपला. नाणं संपलं, शेगडी आपोआप विझली, चावी मात्र उघडीच राहिली. खुशालराव उशिरा आले, आपली शेगडी गार पाहून त्यांनी बोळातल्या डब्यात नाणं टाकलं आणि आपली पेटवली. भिंतीपलीकडे भगवंताच्या खोलीत गॅस पुन्हा सुरू झाला. पेटवायला कोणी जागं नव्हतं.

सकाळी खुशालरावांनी तिचे पाय धरले होते, कोणाला सांगू नका म्हणून.

पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ होती. ती वामनरावांनी दोनदा वाचली आणि पाकीट खिशात ठेवलं.

"काय हाय त्यात?" जमुनानं विचारलं.

त्यांनी तिला सगळं सांगितलं, ती शेवटची ओळसुद्धा. ती रडली नाही.

"मंग फुंकल्याचं खोटं बोलले ते," ती म्हणाली. "तीन वर्सं."

"हो."

"साहेब, ज्यानं माह्या माणसाले मारलं, तो सापडला त त्याले हे पुरं वाचून दाखवा. अर्धं नोका वाचू. लबाड होते, म्हना. पण जाणून मारनारे नव्हते."

५

गाडीत किसनराव खूश होता. "साहेब, आता त कारण बी मिळालं. दोस्ताचा बदला!"

"किसनराव, हे पत्र जानरावानं आईच्या पेटीत का लपवलं?"

"पुरावा लपवला."

"खुनाच्या आठ दिवस आधी? तो पत्र लपवत होता एकाच माणसापासून. आणि त्याच माणसासाठी आता गप्प बसलाय. त्याला वाटतं की बोललो तर उत्तमरावांना कळेल, त्यांचा मुलगा कसा मेला. म्हाताऱ्याचं दुःख वाचवायला पोरगा फासावर जायला निघालाय."

"मंग मारलं कोनी?"

"जानरावानं चूक एवढीच केली की म्हाताऱ्याला काही माहीत नाही असं धरून चालला."

अमरावतीला उतरून ते थेट भाजीबाजारात गेले. उत्तमरावांच्या शेजारी बसणारी जयवंता टोमॅटोवर पाणी मारत होती.

"मंगळवारी उत्तमदादा किती वाजता आले, बाई?"

"काहून? तुमी बी त्यायच्याकडूनच घेता काय?" मग टोपीकडे लक्ष गेलं. "उशीर झाला होता, साहेब. रोज माह्याआधी येतात. त्या दिवशी कचेरीची दहाची घंटा झाली तरी जागा खाली. मंग आले. सांभार पार मेला होता!" तिनं आपल्या टोपलीतली कोथिंबिरीची जुडी उचलून दाखवली. "उत्तमदादाचा सांभार म्हंजे कसा, कान टवकारून उभा असते. त्या दिवशी माना टाकल्या होत्या. मी म्हतलं, दादा, काय उन्हात उभी केली होती काय गाडी? त हो बी नाई, नाई बी नाई. आठ आण्याची टोपली दोन आण्यात देऊन टाकली अन् चालले गेले."

बगीच्यात नत्थुजी बैलांना पाणी दाखवत होता. वामनराव त्याला धरून त्या ओळीत घेऊन आले.

"नत्थुजी, ही झाडं कोणी भरली ते सांगा. मला कळत नाही. इथपासून."

नत्थुजीनं खाली पाहिलं. "ही पाच मालकानं, उजाडायच्या आधी. पाहा, खोडाभोवती मातीचं कडं हाय. संत्र्याच्या खोडाले पाणी लागू द्यायचं नसते, डिंक सुटते. ही पुढली चार जानरावानं. हात कच्चा. खोडाले पाणी लागलं, तोंड फुटलं."

"मग इथे प्रेत होतं."

"हो."

"प्रेताच्या आळ्याचं तोंड बांधलेलं आहे. मातीखाली पाहा."

नत्थुजीनं पायानं ढेकूळ सरकवलं. खालची माती काळसर लाल होती. रक्त सांडलं, त्यानंतर कोणी तरी त्यावर माती ओढून तोंड बांधलं होतं. पाय आडवे येत होते म्हणून मुडपून बाजूला सारले होते.

"पुढे?"

नत्थुजी पुढे चालला. वामनराव मोजत होते. अकरा झाडं. प्रत्येक आळ्यात काठापर्यंत पाण्याची खूण, प्रत्येक तोंड थापून बांधलेलं, प्रत्येक खोडाभोवती हातानं ओढलेलं मातीचं कडं. अकराव्यानंतर दांड फुटलेला.

"भांडण थांबल्यावर तुम्ही मोट हाकत राहिलात. पाणी येत राहिलं. माणूस मारून पळणारा अकरा झाडं भरत नाही, नत्थुजी. आणि जानरावाला अशी भरता येत नाहीत. हा हात कोणाचा?"

नत्थुजीचे डोळे भरले. "मी काई म्हतलं नाई, साहेब. तुमी लिहू नोका, का नत्थुजीनं सांगितलं."

"तुम्ही काहीच सांगितलं नाही," वामनराव म्हणाले.

६

उत्तमराव बगीच्याच्या टोकाला पाण्यावर उभे होते. दुसरं फावडं हातात. किसनरावानं काठी सावरली. वामनरावांनी त्याला मागेच थांबवलं आणि एकटे पुढे गेले.

"एवढं आळं भरू द्या," उत्तमराव म्हणाले.

वामनराव थांबले. आळं भरलं. उत्तमरावांनी तोंड बांधलं, फावडं धुतलं आणि आडवं ठेवलं.

"मंगळवारी तुम्ही परत का आलात?"

"भगवंताचा गरम कोट. त्याच्या विलायतेच्या पेटीतून आलेला. जानरावाच्या मापाचा करून घेऊ म्हतलं, अन् घरीच विसरलो. गाडी बाभळीखाली सोडली अन् मधल्या वाटेनं आलो." त्यांचा आवाज सपाट होता. "जानराव म्हने, भगवंताले तुमी मारलं, अन् फुंकला म्हून गावभर सांगितलं. मले वाटलं, खुशालराव नाई म्हनन. ते म्हने, हो. हो म्हने, साहेब! पोट्ट्यानं फावडं फेकलं अन् चालला गेला. खुशालराव खाली पाहून उभे होते."

"आणि तुम्ही?"

"फावडं उचललं. मंग चारदा मारलं. चौथ्यांदा मान लटकली तवा समजलं, का मारलं आपण." त्यांनी तळहात पाहिले. "आळं भरून सांडून राहिलं होतं. मी तोंड बांधलं. मंग पुढलं फोडलं. मले ठाव नाई किती भरले. पाणी येतच होतं."

"जानरावाला धरलं हे कळल्यावर?"

"डबा घेऊन आलो तवा तोंड उघडलं नाई. तवापासून निघतो सांगाले. पेढी नदीच्या पुलापर्यंत येतो. मंग वाटते, पाणी द्याचं राहिलं, अन् परत फिरतो. आज बी आलो होतो पुलापर्यंत." ते वामनरावांकडे वळले. "सुटन ना पोरगा? जहाज हाय त्याचं."

"सुटेल. तुम्ही हे मॅजिस्ट्रेटपुढे सांगितलं तर आजच."

"सांगतो. चला."

ते खरंच चालू लागले. वामनरावांना तेवढ्यावर संपवता आलं असतं. म्हाताऱ्याच्या मनात खुशालराव खुनी होता. तसाच राहू दिला असता, तर फासावर चढताना निदान एवढं तरी त्याच्याजवळ राहिलं असतं. जानरावानं याच माणसाला वाचवण्यासाठी तोंड मिटून मार खाल्ला होता. पण अकोल्यात एक बाई पांढऱ्या लुगड्यात बसली होती, आणि तिनं अर्धं वाचू नका म्हणून सांगितलं होतं.

"उत्तमराव, थांबा. जानराव 'भगवंताला मारलं' म्हणाला, त्याच्यापुढचं तुम्ही ऐकलं नाही. मी वाचतो."

बांधावर बसून त्यांनी पत्र वाचलं, एकेक ओळ, वऱ्हाडीत सांगत. बोळातला डबा. नाणं. विझलेली शेगडी. उघडी चावी.

उत्तमरावांनी मधेच त्यांचा हात धरला. "म्हंजे फुंकला नव्हता?"

"नव्हता. चावी कशी फिरवायची ते त्याला चांगलं माहीत होतं. थंडीसाठी शेगडी पेटती ठेवून झोपला, एवढंच."

"फुंकला नव्हता," उत्तमराव म्हणाले. पाण्याकडे पाहत त्यांनी ते आणखी एकदा म्हटलं. "माणिकबाई म्हनतच होती. साहेब, हे कोर्टात वाचान? सगळ्यायसमोर? बजारातले बी येतीन."

"मोठ्यानं वाचू."

"बस. मंग काई नाई माहं."

"अजून एक ओळ आहे."

वामनरावांनी कागद उन्हात धरला. बाईनं लिहिलं होतं की खुशालरावांनी त्या रात्री एक नाही, दोन नाणी टाकली होती. सकाळी रडताना ते एवढंच सांगत होते की एक माझ्यासाठी होतं आणि एक भगवंतासाठी, त्याला फार थंडी वाजते, पहाटे गार पडू नये म्हणून.

दांडातलं पाणी पुढच्या आळ्याच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं, आणि हळूहळू चढत होतं. उत्तमराव उठले नाहीत. पाणी दांडाच्या काठावरून बाहेर आलं, त्यांच्या पायांपर्यंत पोहोचलं. त्यांनी ते तसंच वाहू दिलं.

मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"साहेब," ते म्हणाले, "तेबी वाचा कोर्टात."